वरदा सबनीसची ख्रिसमसची सुट्टी

लेस्टरच्या एका इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डातली डॉक्टर वरदा सबनीस दर ख्रिसमसला ड्युटीवर असायची. लेक तनिषाच्या जन्माचं वर्ष सोडलं तर अठ्ठ्याऐंशीपासून एकही चुकला नव्हता. सुरुवात तिनेच केली होती. नवी असताना भिडेखातर म्हणाली होती, "आमच्यात ख्रिसमस नसतो. तो मी करते, मला दिवाळी द्या." दिवाळी दोनदा मिळाली. ख्रिसमस मात्र गळ्यात पडला तो पडलाच.

२००६च्या ऑक्टोबरात ड्युट्यांचा रोटा लागला. पंचवीस डिसेंबरच्या चौकटीत, न विचारता, 'सबनीस'. वरदाने तो कागद कन्सल्टंट डॉ. हॅरिसच्या टेबलावर ठेवला.

"या वर्षी मी नाही."

"पण तुम्ही साजरा करत नाही ना?"

"करून बघायला सुट्टी कधी मिळाली?"

हॅरिसना ती थट्टा वाटली. वरदा हसली नाही. पुढच्या सप्टेंबरात तनिषा युनिव्हर्सिटीला जाणार होती. मुलगी घरात असतानाचा हा शेवटचा ख्रिसमस. तो तिला वॉर्डाला द्यायचा नव्हता. नवरा, शशी, आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जाणार होता. तिने एडिनबराची दोन तिकिटं काढली.

चोवीस तारखेला दुपारी मायलेकी प्रिन्सेस स्ट्रीटच्या गर्दीत असताना फोन वाजला. हॅरिस. उद्याचा डॉक्टर तापाने आडवा झाला होता.

"आत्ता ट्रेन पकडलीत तर रात्री पोहोचाल, वरदा."

वरदाच्या डोळ्यांपुढे वॉर्डातली पोरं आली. शेजारी तनिषाने तोंड फिरवून दुकानाच्या काचेत बघायला सुरुवात केली होती. दर ख्रिसमसच्या सकाळी दारात 'बाय' म्हणताना ती अशीच तोंड फिरवायची.

"तुम्हीही मुलांचेच डॉक्टर ना?" वरदाने विचारलं.

"माझ्याकडे उद्या चौदा माणसं जेवायला आहेत."

"माझ्याकडे एकच आहे. उद्या वॉर्ड तुम्ही बघा."

तिने फोन बंद करून पर्सच्या तळाशी टाकला.

सकाळी ती वही घेऊन निघाली. किल्ला, म्युझियम, दुकानं, सगळं तासवार लिहिलेलं. किल्ल्याचं दार बंद. म्युझियम बंद. बस नाही. कॉफीच्या दुकानात अंधार. वरदा चक्रावली. इतक्या वर्षांत तिने या दिवशी इस्पितळाबाहेरचं गाव पाहिलंच नव्हतं, आणि इस्पितळ काही बंद होत नाही.

"आई, ख्रिसमसला सगळं बंद असतो," तनिषा तिच्या इंग्लंडातल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "दर वर्षी असतो."

"तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू म्हणाली असतीस, मग जाऊन काय करायचा, शिफ्टच घेते. आय नो यू, आई."

वरदाला आधी रागच आला. खोटंही म्हणता येईना. तिने रिकामा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, वही पर्समध्ये कोंबली आणि लेकीचा दंड धरला.

"उतर फुटपाथवरून."

"का?"

"मधून चालू. सुट्टी आहे माझी."

दोघी प्रिन्सेस स्ट्रीटच्या मधोमध चालू लागल्या. समोरून एकुलती एक टॅक्सी आली, तिने लांबलचक हॉर्न दिला. तनिषा बाजूला सरकायला लागली. वरदाने तिला घट्ट धरून ठेवलं. टॅक्सीलाच वळसा घालून जावं लागलं.