नाव न लिहिलेली नळी

सुगरताबाई. माझ्या आईची थोरली बहीण, माझी मोठीमाय. आई गेल्यावर तिने मला आपल्या गावी, दवनीवाड्याला आणलं, लोकांच्या शेतात धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करून शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो तिच्यामुळे.

मी नागपूरला एका प्रयोगशाळेत काम करतो. अंगात येणं, भविष्य सांगणं... असल्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. म्हणूनच हे लिहिताना संकोच वाटतो.

आमच्याकडे डीएनएमधले छोटे तुकडे पाहतात. दोन-चार अक्षरं, तीच ती, एकापुढे एक. काहींमध्ये ही माळ फार लांबते, आणि उतारवयात स्मृती जाण्याशी त्याचा संबंध असू शकतो. संबंध – निकाल नव्हे. पण माझे आजोबा, मोठीमायचे वडील, शेवटी सगळं विसरले होते, आता मोठीमायही विसरू लागली होती. मी घाबरलो. माझ्याच रक्ताची एक नळी, वर नाव न लिहिता, फ्रीजरमध्ये ठेवली. सोमवारी तपासणार होतो. कुणालाही सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी गावी पोचलो. मोठीमाय अंगणातल्या चिखलात वाकून धानाची रोपं खोचत मागे मागे सरकत होती – रोवणीत सरकतात तशीच.

वहिनी, मोठीमायची सून, म्हणाली, "पाहा भाऊजी, सकाळपासून आंगण रोवून राहिल्या. आता तण निंदाले तुम्हीच या."

"मोठीमाय, मी आलो."

"कोण होय रे? उभा काऊन आहेस? पेंडी फेक."

मी रोपांची पेंडी तिच्यापुढे टाकली. लहानपणी हेच माझं काम होतं. चिखलाचा तोच वास... क्षणभर वाटलं, काहीच बदललं नाही.

मान वर न करता ती म्हणाली, "ते नळी थंड्या पेटीत कायले ठेवली?"

"कोणती नळी?"

"जिच्यावर नाव नाही लिवलं ते. रोवताना कोणी मागं पाह्यते का रे? धुरा आला का टाचेले लागते." धुरा म्हणजे बांध; तिथे रोवणी संपते.

वहिनीने विचारलं, "कोणती नळी, भाऊजी?" म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

मी खूप विचार केला. फोनवर बोललो असेन? नाही. मोठीमायने प्रयोगशाळा कधी पाहिलीच नाही. माझा धुरा यायचा तेव्हा येईल, म्हणून सोमवारी मी ती नळी न तपासताच नष्ट केली, आणि हे पत्र टाकलं:

"मोठीमाय, पाया पडतो. वहिनी वाचून दाखवंल. नळी फेकली. तू मले ओळखलं नाही तरी मी दर रविवारी येईन, आपलं नाव सांगीन, तुह्याजवळ बसून जेवीन. तू मले शिकवलं, हे तुले आठवत नसंल. म्हणून दर महिन्याला हेच पत्र धाडीन, एकही शब्द न बदलता. तुले ते दर वेळी नवंच वाटंल."