ग्लास कुठल्या बाजूला

जावा बेटावरच्या जोग्जा शहरातल्या छापखान्यात आमचे हे, करदीमान, खिडकीपाशी बसायचे. त्या खुर्चीवर बसायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती! चित्राचा फोटो निघाला की जाड सुती कागदावर रंग थोडे वेगवेगळे ठेवून नमुन्याच्या दोन पट्ट्या छापायच्या, शाई वाळू द्यायची. मग खिडकीच्या उजेडात मूळ चित्राशेजारी धरून, रंग जुळणाऱ्या पट्टीवर बोट ठेवत हे सांगणार, "ही." की मशीन सुरू. चित्रकार नंतर येऊन प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने सही करून जायचा.

पुढे यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. निळं नि हिरवं एकच दिसायला लागलं. "मास, डॉक्टरकडे चला," सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. नवऱ्याला आमच्याकडे मास म्हणतात. यांचं एकच पालुपद, "मालकिणीच्या कानावर गेलं तर खुर्ची जाईल." हट्टी माणूस!

छापखान्याचा चहा मीच करायचे. आम्ही दोघांनी ठरवलं, जी पट्टी जुळते त्या बाजूला मी यांचा ग्लास ठेवायचा. वर्षभर निभावलं. उलट लोक म्हणायचे, पाक करदींची, म्हणजे करदीसाहेबांची, नजर अलीकडे जास्तच बारीक झालीय. मेले आंधळे!

मालकीण बू मुर्ती, म्हणजे मुर्तीबाई, मात्र माझ्या ग्लासावर डोळा ठेवून होती, हे मला कुठं ठाऊक! मेरापी डोंगराचं चित्र आलं त्या दिवशी तिने ग्लास माझ्या हातून घेतला. "दे, आज मी देते." नि मुद्दाम उजवीकडे ठेवला. उजव्या पट्टीत निळा डोंगर पार पोपटी झाला होता.

यांनी चष्मा पुसला, मान तिरकी केली, पट्ट्या लांब-जवळ धरून पाहिल्या. मग ऐटीत म्हणाले, "उजवी. निळा काय सुरेख उतरलाय!"

सगळा छापखाना फिदीफिदी हसला.

"पाक, डोंगरावर गवत छान उगवलंय हो. म्हशी सोडायच्या का?" बू मुर्ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "नजर तुझी, नि खुर्चीवर हे? उद्यापासून तू बस. चहा हे करतील."

मी बसले. का नाही बसणार? नाहीतर घरची चूल पेटणार कशी होती?

दुसऱ्या दिवशी हे चहा घेऊन आले. माझ्यासमोर दोन पट्ट्या होत्या. ग्लास कढत, बोटं भाजत होती, तरी हे तसेच उभे. हळूच म्हणाले, "अगं, कुठल्या बाजूला ठेवू?"

सगळ्यांचे कान आमच्याकडेच होते.

"कुठेही ठेवा, मास," मी म्हणाले. "मला दिसतंय."