बैलगाडीच्या काट्यावर विमान

"साहेबांचं वजन किती?" असं मी विचारलं आणि केबिनमधली सगळी माणसं एकदम चहा प्यायला लागली.

मी पुन्हा विचारलं. शेवटी साहेबांचे पीए ढोकणे यांनी कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "ब्याऐंशी."

"आणि मागच्या वाढदिवसाला साखरतुला झाली, तेव्हा माईकवरून एकशे एक किलो सांगितलं होतं ना?"

"ते शुभ असतं, कॅप्टन. ब्याऐंशी कसं सांगणार?"

"मग खरं कुठलं?"

"दोन्ही साहेबांचंच," ढोकणे म्हणाले.

मी आयुष्यभर लहान विमानं उडवली. आधी फ्लाइंग क्लबात शिकवायचो, रिटायर झाल्यावर नगरला सावेडीत घर घेतलं आणि कोणी बोलावलं तर जातो. कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी सहा सीटचं, एका इंजिनाचं विमान भाड्यानं घेतलं होतं. त्यांना लखनौला जायचं होतं. तिथे कुठल्याशा संस्थेनं त्यांना 'आदर्श चेअरमन' पुरस्कार जाहीर केला होता. साध्या विमानानं गेले असते तर बाकीचे सगळे पुरस्कारवाले त्याच विमानात भेटले असते. मग आदर्श कोण, हे कसं कळणार?

एवढ्या लांबच्या उड्डाणाची तयारी म्हणजे लोकांना वाटतं, चावी फिरवली की निघालं. तसं नसतं. नकाशावर रस्ता आखायचा, वाटेतलं हवामान बघायचं, फ्लाइट प्लॅन भरायचा, मंजुरीचे नंबर घ्यायचे. हे सगळं मी दोन दिवस करत होतो. मधल्या एका विमानतळावर इंधन मिळेल का, म्हणून चार फोन केले. चारही वेळा "उद्या कळवतो" म्हणाले. लहान विमानाचं पेट्रोल रस्त्यावरच्या पंपावर मिळत नाही. म्हणजे हजारेक किलोमीटर एका दमात जायचं आणि टाकी काठोकाठ भरायची.

आता गंमत बघा. टाकी भरली की विमानाच्या उरलेल्या वजनात माणसं आणि सामान बसवायचं. माझ्या हिशोबानं उरत होते तीनशे नव्वद किलो. त्याच्यावर एक किलो नको. कारण कारखान्याची धावपट्टी जेमतेम नऊशे मीटर. एरवी तिच्यावर मका वाळत घालतात. पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला विजेच्या तारा, तारांच्या पलीकडे कालवा. शिवाय मार्च महिना. ऊन तापलं की हवा पातळ होते, पंखांना धरायला काही राहत नाही आणि विमान उचलायला जास्त पट्टी लागते. जड विमान त्या तारांवरून गेलं नाही, तर तारांमधून जाणार. पुढच्या सीटवर मी आणि माझ्या शेजारी साहेब.

"तारा तिथून कोणी नेल्या हो?" मी ढोकण्यांना विचारलं होतं.

"साहेबांनीच. पलीकडं त्यांची विहीर हाय."

निघणारे चौघं. साहेब, साहेबांचे मेव्हणे, ढोकणे आणि मी. मेव्हणे कारखान्याचे संचालक होते आणि साहेब जिथं जातील तिथं जायचे. आणि सामान? एकवीस शाली, एकवीस नारळ, पेढ्यांचे खोके, साखरेच्या सॅम्पलच्या थैल्या आणि साहेबांचा फ्रेममधला एक फोटो, दाराएवढा.

"अहो, सत्कार तुमचा आहे. शाली ते देणार ना?" मी म्हणालो.

मेव्हणे हसले. "कॅप्टन, आपला सत्कार झाला की आपण त्यांचा करायचा. रिकाम्या हातानं सत्कार घ्यायला आपण काय भिकारी आहोत का?"

माझं डोकं तापलं होतं. सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. निरोप समारंभात साडेनऊ वाजले होते. आणि साहेब वजनाच्या काट्यावर उभे राहायला तयार नव्हते. दवाखान्यातला काटा आणला, तर साहेब म्हणाले, "माझ्या कारखान्यात मला उभं करून वजन करता? उद्या पेपरात येईल."

मला तेव्हा एक शक्कल सुचली. ही शक्कल सुचली नसती तर बरं झालं असतं, असं ढोकणे अजून म्हणतात.

"साहेब," मी म्हणालो, "तुमचं एकट्याचं नको. सगळ्यांचं सामानासकट एकदम करू. एकूण आकडा आला की मला पुरे. कोणाचं किती ते देवालाही कळणार नाही."

साहेबांना हे पटलं. ऊस टाकतात त्या गव्हाणीजवळ बैलगाड्यांचा काटा होता. जमिनीच्या पातळीवर लोखंडी प्लेट, उसाची गाडी तिच्यावर चढते, बाजूच्या खिडकीत लाल आकडे दिसतात. पाच-पाच किलोनं सरकतो, म्हणजे आम्हाला चालण्यासारखा. गळीत हंगाम संपत आला होता, तरी पंधरा-वीस गाड्या रांगेत उभ्या होत्या. त्या थांबवल्या.

काट्याच्या खिडकीत भाऊसाहेब नावाचे क्लार्क होते, तीस वर्षं त्याच खिडकीत बसलेले. मी त्यांना सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"कॅप्टनसाहेब, ह्या काट्यावर नका."

"का? बिघडलाय?"

"बिघडला न्हाई. पर ह्यो काटा उसाचा हाय."

"मग काय झालं? वजन ते वजन."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी शहरातून आलोय हे मला नव्यानं कळलं. पण तोवर साहेब प्लेटवर चढले होते. फोटोग्राफर तयारच होता.

आम्ही चौघं उभे राहिलो. शाली, नारळ, पेढे, फोटो, सगळं आमच्याभोवती रचलं. लाल आकडे पळाले आणि थांबले. तीनशे ऐंशी.

"दहा किलो कमीच!" मेव्हण्यांनी टाळी वाजवली. "अजून अकरा नारळ बसतील."

सगळे खाली उतरले, सामान उतरलं. मी फायलीत आकडा लिहायला माझी बॅग बाजूला ठेवून प्लेटवरच उभा होतो, म्हणून सहज खिडकीकडं नजर गेली. पासष्ट.

मी बहात्तर किलोचा माणूस. पायलटची मेडिकल असते, पंधरा दिवसांपूर्वीच झाली होती. पंधरा दिवसांत सात किलो उतरायला मी काही उपास धरला नव्हता. उलट त्या रविवारी चर्चमध्ये लग्न होतं आणि माझी बायको रूथ मला तिसऱ्या वाढपाला "आता पुरे" म्हणाली होती.

बहात्तरचे पासष्ट होत असतील, तर आमचे तीनशे ऐंशी खरे किती?

मी भाऊसाहेबांकडं गेलो. ते रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले होते. "गोदामातून साखरेची दोन पोती मागवा," मी म्हणालो. "शिवलेली, शिक्क्याची, पन्नास-पन्नासची."

पोती आली, प्लेटवर ठेवली. शंभर किलो साखर. खिडकीत आले नव्वद.

आता रांगेतले गाडीवाले आणि शेतकरी गाड्या तशाच ठेवून जवळ आले. त्यांत एक तात्या होते, डोक्याला मुंडासं, हातात कासरा. ते नुसते खिडकीतल्या आकड्याकडं बघत राहिले.

"मशीन गरम झालंय," मेव्हणे म्हणाले.

"पोतं उन्हात आलं की हलकं होतं," ढोकणे म्हणाले.

"हो का? मग शंभराचं नव्वद होईस्तवर त्याचा पाक होऊन वाहून गेला असता," मी म्हणालो.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. लिंबाखाली. आवाज एकदम मऊ.

"कॅप्टन, तीनशे ऐंशी लिहून टाका ना. काट्याला सरकारी शिक्का आहे."

"साहेब, एक तर पोत्यात साखर कमी आहे, नाही तर काटा कमी दाखवतो. पोतं बरोबर असेल तर आपण चारशे वीसच्या वर आहोत. म्हणजे तीस किलो जास्त. ह्या उन्हात, ह्या पट्टीवर."

"तीस किलोनं काय होतंय? एका गाडीला आमच्याकडं..." साहेब तिथंच थांबले.

"विमान शेतकरी नाही, साहेब. त्याला कमी आकडा सांगितला म्हणून ते ऐकून घेत नाही. आणि त्या तारांना शिक्का दिसत नाही."

साहेबांनी तारांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मऊपणा गेला. "मला दुसरा पायलट मिळेल."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. दोन वर्षं मी त्यांना जवळपासच्या गावी नेत होतो, अर्ध्या टाकीवर, म्हणून वजनाचा प्रश्न आला नव्हता. रिटायर माणसाला विमानाची हवा लागायची तेवढीच संधी. पण चार जिवांचा प्रश्न होता आणि त्यातला एक माझा. "मिळेल की," मी म्हणालो. "फक्त त्यालाही ह्या काट्यावर तोलू नका."

आम्ही परत आलो. साहेबांचं ठरत नव्हतं. काट्याचं धरलं तर तारा. पोत्याचं धरलं तर काटा खोटा, आणि समोर पंधरा-वीस गाड्या उसाच्या. पोती कमी भरलीत म्हणावं, तर साखरेचे व्यापारी. मी कागद आणि पेन घेऊन उभा. आणि भाऊसाहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तीस वर्षांत त्यांनी कोणाला एवढ्या मोठ्यानं काही विचारलं नसेल.

"सायेब, मंग विमानाला काट्याचं वजन धरू, का पोत्याचं?"

त्यांनी मुद्दाम विचारलं का भोळेपणानं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

साहेब उन्हानं तापलेले, माझ्यावर चिडलेले, तारा डोळ्यांसमोर. ते सटकलेच.

"अरे पोत्याचं धर! काट्याचं कसलं धरतोस, जीव घेतोस का माझा!"

रांगेतल्या सगळ्यांच्या माना साहेबांकडं वळल्या. आपण काय बोललो, हे साहेबांच्या आता ध्यानात आलं.

तात्या पुढं आले. आवाजही चढवला नाही.

"सायेब, आमचं बी मंग पोत्याचंच धरा."

मागून कोणी म्हणालं, "व्हय, धरा की." मग सगळेच म्हणाले. तात्यांची गाडी मुकाट्यानं प्लेटवर चढली आणि तिथंच उभी राहिली. बैल सुद्धा हलायला तयार नव्हते. धावपट्टीकडं नेणारी आमची जीप त्या गाडीच्या आणि लिंबाच्या मधे अडकली.

दुपारपर्यंत चर्चा झाली. मेव्हण्यांनी समिती नेमू म्हणून सांगितलं. तात्या म्हणाले, "समिती बसवा, पर पोत्यांशेजारी बसवा." शेवटी साहेबांनी लेखी दिलं. शंभर किलोच्या पोत्यांना जेवढी तूट येते, तेवढं प्रत्येक गाडीला वाढवून धरायचं, आणि दुसऱ्या दिवशी काटा दुरुस्त करणारा बोलवायचा. तोवर दोन वाजले होते, धावपट्टीवर ऊन नाचत होतं. मी उड्डाण रद्द केलं. कोणी हट्ट धरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गार हवेत निघालो. वजन कमी करायचं होतं. मी म्हणालो, सामान ठेवा, नाही तर एक माणूस ठेवा. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि मेव्हणे ठेवले. एकवीस शाली आल्या. मेव्हणे पट्टीच्या कडेला हात हलवत उभे होते. तारा आमच्या खालून चांगल्या अंतरानं गेल्या. साहेबांनी त्या गेल्यावरच डोळे उघडले.

लखनौला त्याच संध्याकाळी पुरस्कार मिळाला. भाषणात साहेब म्हणाले, "आमच्या कारखान्यात वजनाचा व्यवहार पारदर्शक आहे. मी स्वतः काट्यावर उभं राहून तो तपासला आहे." टाळ्या पडल्या. तसं बघितलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं.

मला त्यानंतर बोलावणं आलं नाही. यात नवल नाही. भाऊसाहेब मात्र एकदा नगरला दवाखान्यात आले तेव्हा घरी येऊन गेले. काट्याशेजारी साखरेची दोन पोती कायमची ठेवलीत म्हणे. "लोक गाडी चढवायच्या आधी पोती चढवत्यात. बरोब्बर शंभर आलं की मंगच पुढं," असं सांगताना त्यांनी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

गेल्या महिन्यात एका तरुण पायलटचा फोन आला. माझाच जुना विद्यार्थी. साहेबांना घेऊन हैदराबादला जायचं होतं.

"सर, एक विचारायचं होतं. ढोकणे म्हणतात ब्याऐंशी, मेव्हणे म्हणतात एकशे एक. साहेबांचं वजन कुठलं धरू?"

"पोत्याचं धर," मी म्हणालो.