हात पाहून पतंग

तुळसाबाईंच्या दुकानात पतंग नुसता मागून मिळत नाही. महाल भागातल्या त्यांच्या ओट्यासमोर गिऱ्हाइकाने आधी हात पुढे करायचा. त्या त्याच्या बोटांत दोऱ्याचं एक टोक देतात, दुसरं स्वतः धरून हलकासा झटका मारतात, आणि हात कसा उत्तर देतो ते पाहून पतंग काढतात. मांजा जिथे जोडायचा ती कन्नी त्या नजरेच्या अंदाजाने बांधतात. त्यांच्या कन्नीचा पतंग कधी एका अंगाला झुकला नाही. नवरा गेल्यावर दोन मुलं याच गाठींवर वाढवली. आता पासष्टी उलटली आहे. या बाईंचं मनगट माझ्यामुळे मोडलं. लिहितानाही लाज वाटते, पण लिहितो.

मी कृष्णकांत, सरकारी कचेरीतला कारकून, वय बावन्न. बढाया मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही. ‘चाळीस वर्षं पतंग उडवतो’ हे माझं ठरलेलं वाक्य. डिसेंबरात शेजारच्या टेबलावरच्या ऋषीने मोबाइलवर पॉवर काईट दाखवली. कापडाचा भला मोठा पतंग, दोन दोऱ्या, दोन मुठी, आणि वारा लागला की माणसालाच ओढत नेणार. “हे तुमचंच काम आहे, साहेब,” तो म्हणाला, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

ऑनलाइन दुकानात मापं दोन होती. खाली लिहिलं होतं, वारा मंद असेल तर मोठा घ्या, नवशिके असाल तर लहान घ्या. आमचा जानेवारीतला वारा मंद होता आणि मी नवशिका होतो. मी सोयीचं तेवढंच वाचलं. तरी मनात धाकधूक होतीच, म्हणून तुळसाबाईंना विचारलं. त्यांनी दोरा देऊन झटका मारला.

“लहान घ्या, भाऊ.”

“पण मावशी, हवा कुठे आहे? लहान उठणारच नाही.”

“नाही उठली त नाही उठली. हवेपायी पतंग बदलता येते. हात कसा बदलान?”

चार गिऱ्हाइकं ऐकत होती. माझं डोकं फिरलं. घरी जाऊन मोठा मागवला आणि अनुभवाच्या रकान्यात ‘तरबेज’वर खूण केली. वर त्यांनाच ऐकवलं, “रविवारी मैदानावर पाहायला या.”

त्या आल्या. अर्धा तास पतंग गवतावर लोळत होता आणि ऋषी मोबाइल धरून कंटाळला होता. मग एकाएकी वाऱ्याचा झोत आला. पतंग भसकन फुगला आणि मी फरफटत निघालो. ढील द्यायला इथे चक्री नव्हती. मुठी सोडल्या की पतंग आपोआप खाली बसतो, हे सोबतच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं. पण ऋषी शूटिंग करत होता, मग सोडणार कसा?

“सोड गा! सोड म्हणते ना!” तुळसाबाई ओरडल्या. मी सोडत नाही असं पाहून त्यांनी मागून माझा सदरा धरला. दोघेही पडलो. त्या खाली, मी वर, आणि त्यांचं उजवं मनगट मैदानाच्या कडेच्या दगडावर.

दवाखान्यात त्यांची सून पायल धावत आली. “काहून पडल्या, आई?”

“काही नाही वं. चालता चालता पाय घसरला.”

पायलने माझ्यापुढे हात जोडले. “भाऊ, तुम्ही होते म्हणून बरं झालं.”

“अहो, त्यात काय,” मी म्हणालो. त्यात काय! तेव्हाच माझी जीभ का झडली नाही?

संक्रांत आठ दिवसांवर होती. ऐन हंगामात कन्नी बांधायचं काम पायलवर पडलं. तिचे पतंग डावीकडे झुकायचे आणि लोक ते परत आणून द्यायचे. हे मला ऋषीकडून कळायचं, कारण मी कचेरीला जायचा रस्ताच बदलला होता. भोगीच्या दिवशी मात्र राहवेना. गेलो.

ओट्यापाशी गर्दी होती. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून तुळसाबाईंनी डाव्या हाताने दोरा पुढे केला. सगळ्यांना विचारतात तसंच मलाही विचारलं, “किती वर्षं झाले उडवता?”

“एकही नाही,” मी म्हणालो. “थोरला भाऊ उडवायचा. मी मागे चक्री धरून उभा राहायचो. आणि पायल, आईंचा पाय घसरला नव्हता. पतंग मला ओढत होता, त्या सोड म्हणत होत्या, आणि मी सोडला नाही. माझ्यामुळे पडल्या त्या.”

पायलचे हात थांबले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घालून पुढची कन्नी बांधायला घेतली. ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं.

तुळसाबाईंनी झटका मारला आणि पोरांच्या पतंगांच्या ढिगातून एक वीतभर पतंग काढला. “हे घ्या. कमी हवेतही उठते, अन् तुम्हाले झेपते.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “चक्रीवाल्याचा हात आहे, हे मले तवाच समजलं होतं. चारचौघांत कसं बोलू, म्हणून चूप बसली.”

म्हणजे दवाखान्याच्या आधीही त्यांनी माझी अब्रू झाकली होती, आणि मी त्यांच्यावरच रागावून गेलो होतो. घरी गच्चीवर जाऊन तो पतंग सोडला. उठला, पण सारखा डावीकडे झुकत राहिला.