बंगळूर छावणीत आयरीनच्या आजोबांचा शोध

आयरीनने सलग चार रविवार माझ्याकडे चहाला येणं टाळलं, तेव्हा मी तिच्या घरी जाऊन सरळ विचारलं, "झालंय काय?" तिने टेबलावरून एक लिफाफा माझ्याकडे सरकवला.

आम्ही दोघी बेळगावच्या एकाच शाळेतून निवृत्त झालो. मी इतिहास शिकवायचे, ती इंग्रजी. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आपल्या घराण्याची मुळं शोधायला निघालेल्यांना उपयोगी पडेल म्हणून आता लिहिते आहे.

लिफाफा इंग्लंडचा होता. तिथले एक निवृत्त गृहस्थ वेंडोव्हर घराण्याची वंशावळ तयार करत होते. मूळ डेव्हनमधले लोकरीचे व्यापारी. पुढे शाखा गेल्या बार्बाडोसला, ऑस्ट्रेलियाला आणि एक बंगळूर छावणीत. आयरीन वेंडोव्हरने त्यांना आपल्या आजोबांच्या, टॉमसच्या, लग्नाचा दाखला पाठवला होता. त्यात वडिलांचं नाव कॉर्पोरल वेंडोव्हर. गृहस्थांचं उत्तर कोरडं होतं: कॉर्पोरलचा मुलगा टॉमस अकरा महिन्यांचा असताना वारला, छावणीच्या चर्चमधून लंडनला गेलेल्या नकलांत तशी नोंद आहे. शाखा तिथेच संपली. तुमच्या आजोबांनी हे नाव उचललेलं दिसतं. दाखल्यावरचं वयही तीन वर्षांनी चुकलेलं आहे.

"म्हणजे आजोबा खोटारडे, असं म्हणतोय की हा," आयरीन म्हणाली. जन्म बेळगावच्या कॅम्पात गेल्याने तिची मराठी माझ्यापेक्षा जास्त बेळगावी आहे. "सत्तर वर्षं मी दुसऱ्याचं नाव लावून फिरले व्हय?"

"नकलेवर विसंबायचं नसतं. मूळ नोंद बघायची," मी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बंगळूरची दोन तिकिटं काढली.

सकाळी सहाची सरकारी बस धरली. पुणे-बंगळूर रस्ता तेव्हा दुपदरी होता आणि ट्रकवाल्यांचा होता. दिवसाउजेडी प्रवास करा, खिडकी डावीकडची घ्या, आणि दावणगेरेला बस थांबली की दुसरं काही न मागता लोणी डोसा मागा. आयरीनने तोंड फिरवलं. "तुम्हीच खा, कुलकर्णीबाई." मी दोन्ही डोसे संपवले. अन्न टाकणं मला जमत नाही. चित्रदुर्गाच्या पुढे खडकांचे डोंगर एकावर एक रचल्यासारखे दिसतात. तेही तिने पाहिले नाहीत. संध्याकाळी सातला पोचलो. शिवाजीनगरला बस स्टँडजवळ दीडशे रुपयांत दोघींची खोली मिळाली. मागच्या बाजूची मागून घ्या, पुढच्या खोलीत बसच्या हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी आधी लष्करी चर्च गाठलं. अशा कामाला रविवारी जाऊ नये. पेन्सिल न्यावी, शाई चालत नाही. झेरॉक्स तर मुळीच करू देत नाहीत. तिथला साठीचा कारकून फ्रान्सिस शांतपणे म्हणाला, "स्वल्प तडीरि, अम्मा," म्हणजे जरा थांबा, आणि अर्ध्या तासाने लाल कापडात बांधलेल्या वह्या घेऊन आला.

दफनाची नोंद मिळाली. टॉमस, कॉर्पोरल वेंडोव्हरचा मुलगा, वय अकरा महिने. आयरीनने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. पुढच्या दहा वर्षांच्या बाप्तिस्म्यांत मी दुसऱ्या कुठल्या वेंडोव्हरचा टॉमस शोधला. नव्हता.

"चला घरी," ती म्हणाली.

समोरच्या हॉटेलात कॉफी मागवली आणि मी गृहस्थांनी पत्रासोबत पाठवलेली वंशावळ पहिल्यांदाच वरून खाली वाचली. तोवर आम्ही दोघी शेवटच्या ओळीलाच डोकं आपटत होतो. सतराव्या शतकात एका जोडप्याला तीन मुलगे होते आणि तिघांचंही नाव टॉमस! सवयीने माझा हात लाल पेन्सिलीकडे गेला. मग तारखा पाहिल्या. पहिला गेल्यावर दुसरा जन्मला, दुसरा गेल्यावर तिसरा.

"आयरीन, हे लोक गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्याला ठेवायचे."

"शी! अपशकून नाही का तो?"

आपल्याकडे मूल गेलं की पुढच्याला दगडू नाहीतर धोंडू म्हणायचं, म्हणजे मृत्यूचं लक्ष जाणार नाही. म्हणून तर आम्हा दोघींना हे सुचलं नव्हतं. दाखल्यावरचं वय चुकलेलं नव्हतंच. आजोबा त्या बाळापेक्षा तीन वर्षांनी लहान होते, कारण ते दुसरे होते.

"असतील की. पण नोंद कुठाय?" आयरीनने विचारलं.

परत फ्रान्सिसकडे गेलो. त्याने कानडीत एकच विचारलं, "आई कोण होती?"

"आरोक्यम. तमिळ," आयरीन म्हणाली. "आजोबा रोज प्रार्थनेत नाव घ्यायचे."

फ्रान्सिस हसला. "हे तर तमिळ कॅथलिकांचं नाव! मग बापाच्या चर्चमध्ये काय शोधताय, अक्का? पहिलं पोर साहेबाच्या चर्चमध्ये नेलं आणि ते गेलं. दुसऱ्याला ती इथे आणेल? आपल्या मेरीमातेकडेच नेणार ना!"

तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला हे सुचू नये. मी त्याचे आभार मानले, स्वतःला मनातल्या मनात नापास केलं.

तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं चालून जुन्या कॅथलिक चर्चमध्ये गेलो. वही लॅटिनमध्ये होती, म्हणून तिथल्या वृद्ध फादरनीच पानं उलटली. बराच वेळ उलटली. मी इतक्या रुबाबात तिकिटं काढली होती; इथे काही निघालं नाही तर हिला परत कशी नेऊ, हा विचार मी तोपर्यंत दाबून ठेवला होता.

"टॉमस," फादर थांबले. "वडील कॉर्पोरल वेंडोव्हर, आई आरोक्यम." तारीख दफनानंतर दोन वर्षांची. दाखल्यावरच्या वयाशी बरोबर जुळणारी.

"परत वाचा, फादर." त्यांनी वाचलं. "अजून एकदा." त्यांनी पुन्हा वाचलं.

"आता पाठ झालं असेल तुम्हाला," फादर म्हणाले.

"मला झालं. पण कुलकर्णीबाईंनी तपासल्याशिवाय मी काही खरं धरत नाही."

मी चष्मा पुसून तपासलं. मग बाकावर जाऊन बसले. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दुपारी शिवाजीनगरात आयरीनने बिर्याणीच्या दोन प्लेटा खाल्ल्या आणि माझ्या दहीभातातही चमचा घातला. परतीच्या बसमध्ये चित्रदुर्गाचे डोंगर दिसताच तिने मला कोपराने ढोसून जागं केलं.

चर्चने दिलेला शिक्क्याचा उतारा आम्ही इंग्लंडला पाठवला. दीड महिन्याने नवी वंशावळ आली, दिलगिरीच्या एका ओळीसह. कॉर्पोरलच्या बायकोच्या जागी आधी नुसतं 'स्थानिक स्त्री' असं होतं. आयरीनच्या आग्रहावरून तिथे आरोक्यम आलं. तिच्याखाली दोन टॉमस शेजारी शेजारी, आणि दुसऱ्याखालून आयरीनपर्यंत येणारी रेघ. माझ्यापुरता धडा असा: बापाचं नाव संपलं की आईचं देऊळ शोधावं. पहिल्या दिवशीच शोधलं तर भाडं वाचतं.

पण माझ्या लक्षात राहिली आहे ती परतल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. कॅम्पातल्या फळवालीने आयरीनला विचारलं, "चार दिस दिसला न्हाईसा, मिस? कुठं गेलतासा?"

"बंगळूरला," आयरीन पेरू दाबून बघत म्हणाली. "आजोबांचा बाप्तिस्मा होता की."