अंगाबरोबरचे कपडे

सुभद्राबाईंना मापाची पट्टी लागत नाही, असं पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्या बायका म्हणत. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे येत, त्यांना लेस लावून देणं हे त्यांचं काम. पण कुणाचं ब्लाउज असो की पोराचा शाळेचा शर्ट, बाई नुसत्या नजरेनं बेतत.

नवऱ्याचे शर्ट तर लग्नापासून त्याच शिवत आल्या होत्या. भिकनभाऊ डाइंग मिलमध्ये कामाला होते. कापडाचे ताके वाहून त्यांचे खांदे असे भरले होते, की बाजारातला तयार शर्ट त्यांना कधी बसलाच नाही.

पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं सुरू झाली, आणि ते खांदे उतरू लागले. नात्यातल्या एका साखरपुड्याला निघताना त्यांनी आवडता निळा शर्ट चढवला. खांद्याची शिवण दंडावर लोंबत होती. आरशात एकदा पाहून त्यांनी शर्ट काढला आणि खुंटीला अडकवला.

"मी नही येत. तू जाय."

आजाऱ्याला तोंडावर 'वाळला' म्हणायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. म्हटलं की माणूस आणखी वाळतो. दुपारी भिकनभाऊ झोपल्यावर सुभद्राबाईंनी शर्टाचे खांदे उसवून बसवले, दोन्ही बगलांखाली टिपा मारल्या आणि शर्ट इस्त्री करून ठेवला.

"हाऊ बरोबर कसा बसना?" दुसऱ्या दिवशी शर्ट अंगात घालून भिकनभाऊंनी विचारलं.

"धुवामा आटना."

टेरिकॉट धुण्यात आटत नाही. ज्याची उमर कापडात गेली त्याला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण भिकनभाऊंनी ते मानून घेतलं, आणि ते ओट्यावर जाऊन बसले. मिलमधला धुडकू भेटायला आला होता.

"काय भिकनदादा, शर्ट ते एकदम टाइट! दुसरं लगीन करानं शे का?"

"तुन्ही वहिनीले इचार. पोरगी तीच पाही ऱ्हायनी!"

दोघं हसले. त्या दिवशी भिकनभाऊंनी चतकोर भाकरी जास्त खाल्ली. सुभद्राबाईंना वाटलं, आपल्याला औषध सापडलं.

मग त्या टिपा मारतच राहिल्या. शर्ट झाले, पँटी झाल्या, बनियनसुद्धा. माणूस आत आत जात होता आणि कपडे त्याच्या मागोमाग. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं नीटनेटकं दिसे.

डॉक्टर गुजराती होते, पेशंटशी हिंदीत बोलायचे. डोसआधीच्या तपासणीत काट्यावरचं वजन जवळपास मागच्याइतकंच होतं. तरी त्यांनी विचारलं, "काका, कपडे ढीले हो रहे हैं क्या?"

"ना साहेब. एकदम फिट!" भिकनभाऊ ऐटीत म्हणाले. अंगावर निळा शर्टच होता.

खरं काय ते सुभद्राबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरची ती ऐट त्यांना मोडवेना. पुढचा डोस ठरल्याप्रमाणे दिला गेला.

त्यानंतर भिकनभाऊ बसले की बसलेलेच राहत. झोपून उठले तरी थकलेले. पावलांवरची आधीची थोडी सूज आता वाढली, बोट दाबलं की खळगा तसाच राही. एकदा पाण्याचा तांब्या हातातून सुटला, आणि ते त्या ओल्या फरशीकडे नुसते बघत राहिले. हजीऱ्याला नोकरीला असलेला मुलगा योगराज सुट्टीला आला. तोही रीतीप्रमाणे म्हणाला, "पप्पा, तब्येत सुधरी गई हां!" आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

पुढच्या डोसच्या आधी सुभद्राबाई पुन्हा मशीनवर बसल्या. निळा शर्ट सुईखालून पुढे सरकत होता आणि एकाएकी त्यांचा पाय थांबला. छातीवरचा खिसा सरकत सरकत पार बगलेत गेला होता. आता टीप मारायची, तर खिशावरूनच मारावी लागणार होती. त्यांनी त्या जागेवर हात ठेवला. इथे माणूस असायला हवा होता.

दवाखान्यात भिकनभाऊ पुन्हा "एकदम फिट" म्हणायला लागले, तेव्हा सुभद्राबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, झूठ है. कपडे मैं छोटे करती हूं. हर हफ्ते."

त्यांनी नवऱ्याच्या शर्टाची बाजूची शिवण उलटून दाखवली. आत कापडाचे दोन जाड थर दुमडून शिवलेले होते.

डॉक्टरांनी भिकनभाऊंचा दंड हातात धरला. त्यांची बोटं पलीकडे सहज एकमेकांना भिडली. मग हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगितलं. भिकनभाऊ पुढे झुकले, जेमतेम उचलले गेले, आणि परत खाली बसले. पुन्हा एकदा तसंच. सुभद्राबाईंचा हात पुढे गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नहीं माँजी, उनको करने दो."

तिसऱ्या वेळी भिकनभाऊंनी प्रयत्नच केला नाही.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. वजन दाखवत होतं ते सुजेतलं पाणी होतं. खालचं मांस झडत होतं. मागचा डोससुद्धा या अंगाला जड गेला असणार. आता औषध थांबवायचं. अंडी, डाळ, दूध, थोडं थोडं पण वरचेवर. आणि रोज जरा चालणं. अंगात जोर आला तर पुढचं बघू.

"और नहीं आया तो?" सुभद्राबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी कागदावर अंडी, डाळ, दूध असं लिहून तो त्यांच्या हातात दिला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सुभद्राबाईंनी खांदा पुढे केला. भिकनभाऊंनी भिंत धरली. अर्ध्या वाटेवर बाक आलं तसे ते त्यावर टेकले. धाप ओसरायला वेळ लागला.

"योगराजनी माय," ते म्हणाले, "तुन्हावर चिडनं शे माले. पन चिडाले बी आंगात जोर नही."

"ऱ्हाऊ द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "जोर येस तवय चिडज्यात."

भिकनभाऊंनी डोळे मिटले होते. त्यांनी ऐकलं की नाही, ते बाईंना कळलं नाही.