पंखवाल्याचा दोरा

निम्मी भांडी राखेनं घासून झाली होती, निम्मी मोरीत तशीच पडली होती, तेवढ्यात कोतवालीचा हवालदार दारात येऊन उभा राहिला. रफूवालीनं पदराला हात पुसले आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. कोतवालीचा माणूस पत्ता विचारायला येत नाही, एवढं त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"बसा," ती म्हणाली.

हवालदार बसला तो नेमका स्वयंपाकघराच्या दारासमोर. त्या दाराला जुना निळा पडदा होता. छपरावर कौलं सरकल्याचा आवाज येत होता.

"वर कोण?"

"धाकटे भाऊजी. कौलं बसवायचंच काम करतात. आज घरची पाळी लागली एकदाची."

हवालदारानं कंबरेला खोचलेली चित्रपट्टीची लांबट गुंडाळी सोडून मांडीवर पसरली. बाजारातला चितारी अशा पट्ट्या रंगवून विकायचा. चौकटीमागून चौकट, आणि प्रत्येकीत पंखवाला. एकीत तो कोठाराच्या मनोऱ्यावरून झेप घेतोय, दुसरीत त्याच्या छातीवर भाले काटक्यांसारखे मोडतायत, तिसरीत दोन्ही खांद्यांवर धान्याची पोती घेऊन ढगांतून चाललाय. त्या साली गावातलं सगळं धान्य सरकारी कोठारात ओढून नेलं होतं आणि रफूवालीचा नवरा किल्ल्याच्या बांधकामावर वेठीला होता. ज्या घरात चूल थंड असेल तिथं पहाटे दाराशी धान्याची रास दिसायची. शिपायांनी एकदा छपरावर काळा पंख फडफडताना पाहिला, आणि धान्य ठेवून जाणाऱ्या माणसाला नाव मिळालं.

"आमच्या साहेबांना तर यात घोड्याचं तोंड दिलंय," हवालदार म्हणाला. "असू दे. हे बघा."

त्यानं काळ्या कापडाचा फाटका तुकडा पुढे धरला. "कोठाराच्या खिळ्याला अडकला होता. पंखाचाच आहे."

तुकड्याच्या मधोमध रफू होतं. रफूवालीनं ते पाहिलं. आईला आपलं लेकरू पाठमोरं ओळखता येतं, तसं तिला ते रफू ओळखता आलं.

रफूची रीत अशी, की दोरा विकतचा घ्यायचा नाही. त्याच कापडाच्या दुमडीतून ओढायचा, म्हणजे रंगात रंग मिसळतो. पण मध्यंतरी भाऊजी तिन्हीसांजेला घाईघाईनं आले होते. "गाडीवानाची पासोडी आहे वहिनी, आत्ताच हवीय." त्या काळ्या पासोडीला दुमडच नव्हती, कडा चक्क कात्रीनं कापलेल्या. दिव्याच्या उजेडात तिला स्वयंपाकघराचा पडदा काळाच दिसला, म्हणून तिनं त्याच्या खालच्या काठातून दोरे ओढले. आता दिवसाच्या उजेडात त्या रफूवर जांभळी झाक होती. पडद्यावरही तीच.

"हात या गल्लीतला आहे, असं जुने कारागीर म्हणतात," हवालदार म्हणाला.

कोपऱ्यात जप करणाऱ्या सासूबाईंनी डोळे न उघडताच उत्तर दिलं. "गल्लीतल्या सगळ्याजणी माझ्याच हाताखाली शिकल्या. सगळ्यांना न्या. तिकडे तुमच्या शिपायांचे अंगरखे तरी धड होतील."

"हाताचं काय घेऊन बसलात, आजी. मी दोरा शोधतोय. तो ज्या घरात निघेल ते घर गेलं, असा हुकूम आहे."

वर कौलांचा आवाज थांबला होता.

हवालदारानं पाणी मागितलं. थोडं प्याला, उरलेल्या पाण्यानं हात धुतले, आणि उठून सरळ त्या पडद्याला पुसले. एका मुठीत पडदा, दुसऱ्या मुठीत तुकडा. तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"पडदा विटलाय," तो म्हणाला. "उद्या साहेब स्वतः घरोघरची कापडं बघणार आहेत. कुणी काही जाळायचं नाही, काही रंगवायला टाकायचं नाही. कुठल्या घरात काय टांगलंय ते माझ्या चांगलं लक्षात राहतं."

तो गेला. त्यानं पाहिलं की नाही पाहिलं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

भाऊजी शिडीवरून उतरले. काडीसारखे हात, खोकल्यानं पोखरलेली छाती, आणि माळ्यावर पाल दिसली तर वहिनीला हाक मारणारा हा माणूस.

"गाडीवानाची पासोडी," ती म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली. "पंख कसला, वहिनी. झोळी आहे ती. धान्य भरून पाठीशी बांधायची. रिकामी असली की वाऱ्यानं उडते. मी जातो कोतवालीत. माझ्या पायी तुमचं घर नको."

"आणि गावानं काय चिताऱ्याची चित्रं शिजवायची?"

ती पडदा काढायला उठली, तशा सासूबाई म्हणाल्या, "काढू नकोस. त्यानं तिथं हात पुसलेत. रिकामं दार आधी बोलेल."

रफूवाली पडद्याचा काठ हातात धरून उभी राहिली. काठ अजून बराच जाड होता. तिनं एक दोरा ओढला, बोटावर गुंडाळला. मग दुसरा.

"सासूबाई, हा दोरा गल्लीतल्या प्रत्येक रफूवालीच्या टोपलीत निघाला तर?"

सासूबाईंची माळ थांबली. "तर सगळी गल्ली जाईल. नाहीतर कुणीच नाही." त्यांनी माळ बाजूला ठेवली. "पण सांगून दे. कशाचा आहे ते सांगून. न सांगता दुसऱ्याच्या घरात मरण ठेवून आलीस, तर मला देवापुढे बसता यायचं नाही."

"आणि एखादी कोतवालीत जाऊन बोलली तर?"

सासूबाईंनी हात पुढे केला, पडद्याचं दुसरं टोक मांडीवर घेतलं आणि चाचपडत दोरे ओढायला लागल्या. भाऊजी मोरीत बसून उरलेली भांडी घासू लागले.

उन्हं कलेपर्यंत लड्या तयार झाल्या. रफूवालीनं त्या ओच्यात बांधल्या. कोपऱ्यावरच्या घरातली रफू करणारी काकू तिच्याशी पाण्याच्या पाळीवरून भांडली होती, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. काकूच्या भाच्याला नुकतीच कोतवालीत शिपायाची जागा मिळाली होती. ते एक घर वगळलं, तर उद्या दोरा नसलेलं तेवढंच घर उरणार, आणि काकूच पहिली साक्ष देणार.

म्हणून पहिल्यांदा तिथंच जायचं होतं. तिनं चपला घातल्या आणि दोऱ्याची लडी द्यायला ती कोपऱ्यावरच्या काकूकडे निघाली.